शेअरबाजारात सामान्य माणूस का गेला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेअरबाजाराविषयी आपल्या व्यासपीठावरून आजवर बरेच बोलले गेले आहे. परंतु ते बहुतांशी भांडवलदारांविषयी, दलालांविषयी आणि घोटाळ्यांविषयी. आपली तुटपुंजी बचत या बाजारात घालून ज्याला रात्री नीट झोप लागत नाही, त्या माणसाविषयी फारसे बोलले गेलेले नाही. म्हणूनच या वर्गाच्या संयोजकांनी लोक आपल्या कार्यकर्त्यांना या बाबतीत काय विचारतात, ते शाखाशाखांतून लिहून मागविले याचे मला समाधान वाटते. विचारणाऱ्यांत शिक्षक आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. लक्षाधीश होण्याचा मार्ग त्यांतील कोणीही विचारलेला नाही. ‘आहे ते राहील ना?’ एवढाच बहुतेकांचा प्रश्न आहे.

हा माणूस लोभापायी बाजारात गेला, असे गृहीत धरून आपण बोलू लागलो तर त्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता येणार नाही. तो लोभाने कमी आणि असुरक्षिततेने अधिक गेला आहे, हे माझे आजचे मुख्य प्रतिपादन आहे. ज्या समाजात म्हातारपणाची, आजारपणाची आणि मुलांच्या शिक्षणाची हमी नाही, त्या समाजात प्रत्येकाला स्वतःच स्वतःचा विमा उतरवावा लागतो. आणि आज त्या विम्याचे दुकान म्हणून शेअरबाजार त्याच्यापुढे ठेवण्यात आला आहे.

या लोंढ्याचे आकारमान आधी लक्षात घेऊ. मार्च 2020 अखेर देशात सुमारे 4 कोटी डिमॅट खाती होती. मार्च 2025 अखेर ती 19 कोटींच्या वर गेली. एका माणसाची अनेक खाती असू शकतात, म्हणून खात्यांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. तथापि राष्ट्रीय शेअरबाजारात नोंदलेल्या स्वतंत्र गुंतवणूकदारांची संख्याही ऑगस्ट 2024 मध्ये 10 कोटींच्या पुढे गेली होती. म्युच्युअल फंडांत दरमहा हप्त्याने, म्हणजे ज्याला एसआयपी म्हणतात त्या मार्गाने, येणारी रक्कम ऑक्टोबर 2024 मध्ये एकाच महिन्यात 25 हजार कोटी रुपयांहून अधिक होती. एवढी माणसे पाच वर्षांत एकाएकी जुगारी झाली, हे म्हणणे अर्थशास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

मग काय झाले? 2020-21 या वर्षी ग्राहक किमतींवर आधारित महागाईचा सरासरी दर 6.2 टक्के होता, आणि त्याच सुमारास स्टेट बँकेत वर्षभराच्या मुदत ठेवीवर मिळत होते पाच टक्क्यांच्या आसपास. याचा साधा हिशेब असा, की ज्याने एक लाख रुपये ठेवले त्याला पाच हजार मिळाले. पण लाखाला मिळणारा माल एक लाख सहा हजार दोनशेला जाऊन पोहोचला. म्हणजे प्राप्तिकर सोडूनही बचत करणारा बाराशे रुपयांनी गरीब झाला. ठेवीदाराला शिक्षा आणि कर्जदार उद्योगाला सवलत, असा हा व्यवहार होता. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला प्रथम फक्त 1000 रुपये काढण्याची मुभा मिळाली. ठेवीवरील विम्याचे संरक्षण तेव्हा एक लाखाचे होते; ते पाच लाखांपर्यंत वाढविण्यास फेब्रुवारी 2020 उजाडावा लागला. आणि या सर्वांच्या मुळाशी निवृत्तिवेतनाचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्र सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या कर्मचाऱ्यांचे निश्चित निवृत्तिवेतन बंद केले. मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले ते याच कारणाने. ठेव झिजते, बँक अडकते आणि पेन्शन नाही; अशा तिन्ही बाजूंनी कोंडलेल्या माणसाला चौथे दार उघडे दिसले, तर तो तिकडे वळणारच.

आता प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न: हा सारा जुगार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देताना आपण तीन भिन्न गोष्टी एकाच पोत्यात भरतो, त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. शेअर घेऊन ठेवणे म्हणजे एखाद्या कारखान्याच्या मालकीचा लहानसा अंश घेणे. त्यात धोका आहे, पण कारखाना चालला तर लाभांशही आहे. भाव वर जाईल की खाली, एवढ्यावरच पैसा लावणे म्हणजे सट्टा. आणि खोटे आश्वासन देऊन पैसा काढून घेणे म्हणजे फसवणूक. तिन्ही एकाच रस्त्यावर घडतात म्हणून एकरूप ठरत नाहीत. मात्र एक गोष्ट लोकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाजारात आपण शेअर विकत घेतो तेव्हा तो पैसा सहसा कंपनीला मिळत नाही. तो आधीच्या शेअरधारकाच्या खिशात जातो. आपण ‘देशाच्या उद्योगात पैसा घातला’ ही समजूत बहुतेक वेळा खरी नसते. लॉर्ड केन्स यांनी 1936 च्या आपल्या ग्रंथात, देशाचा भांडवली विकास सट्ट्याच्या हातचे खेळणे बनण्याचा धोका दाखवून दिला होता. ते स्वतः बाजारात व्यवहार करीत आणि 1920 मध्ये चलनाच्या सट्ट्यात त्यांनी जबर ठोकरही खाल्ली होती. तेव्हा ही टीका बाजाराबाहेर उभे राहून केलेली नव्हती.

मुंबईला हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला जाणारा तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजविणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि 1 जुलै 1865 या दिवशी पुरे करावयाचे वायद्याचे सौदे कोणालाच पुरे करता आले नाहीत. शेअर तारण घेऊन कर्जे वाटणारी बँक ऑफ बाँबेही त्यात बुडाली. त्या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आज विद्यापीठात आपण पाहतो. त्या तेजीत धुऊन निघालेल्या शेकडो कुटुंबांचा मात्र कोठेही मनोरा नाही.

दुसरा प्रश्न: ‘सरकारी म्हणून घेतला, तरी भाव कसा पडला?’ हा प्रश्न आयुर्विमा महामंडळाच्या शेअरविषयी आहे. मे 2022 मध्ये सरकारने महामंडळातील आपला साडेतीन टक्के हिस्सा 949 रुपये भावाने विकला. विमेदारांना 60 रुपयांची सवलत होती, आणि केवळ त्यासाठी असंख्य विमेदारांनी आयुष्यात प्रथमच डिमॅट खाते उघडले. पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या भावाखाली गेला आणि पुढील वर्षभरात तो 600 च्याही खाली उतरला. 2024 मध्ये तो पुन्हा हजाराच्या वर गेला हे खरे. पण मुलीच्या लग्नासाठी ज्याला मधेच विकावा लागला, त्याचे नुकसान त्यामुळे भरून आले नाही. येथे दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. एक, सरकारची मालकी ही पॉलिसीच्या रकमेची हमी आहे, शेअरच्या भावाची नव्हे. दोन, हा सर्व पैसा सरकारच्या खजिन्यात गेला. महामंडळाच्या भांडवलात त्यातील एक रुपयाही पडला नाही. 1956 मध्ये राष्ट्रीयीकरणाने जनतेची झालेली संस्था जनतेलाच तुकड्यांनी विकण्याचा हा प्रकार होता.

परंतु सार्वजनिक संस्थेचे नाव घेऊन आपणही लोकांना आंधळा भरवसा देऊ नये. 1964 मध्ये स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टची ‘यू.एस. 64’ ही योजना मध्यमवर्गीय मराठी घरांत बँकेइतकीच सुरक्षित मानली जाई. जुलै 2001 मध्ये तिची खरेदी-विक्री एकाएकी थांबविण्यात आली. नंतर 3000 युनिटांपर्यंत, 10 रुपयांपासून पुढे, परतफेडीची सोय झाली. ज्या योजनेची खरी किंमत रोज जाहीर होत नव्हती, तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला होता. सार्वजनिक मालकीबरोबर सार्वजनिक हिशेब हवा, हा त्यातील बोध आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अधिक जणांनी विचारला आहे: ‘दरमहा थोडे थोडे घातले तर सुरक्षित आहे ना? बाजार पडला तर काढून घ्यावे काय?’ याचे तांत्रिक उत्तर असे, की दरमहा ठरावीक रक्कम घातल्याने स्वस्ताईत अधिक युनिटे मिळतात आणि महागाईत कमी. त्यामुळे एकाच वेळी चुकीच्या भावाने सर्व पैसा अडकण्याचा धोका कमी होतो. तोटा होणारच नाही, असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांपर्यंत पोहोचलेला मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 8 हजारांच्या आसपास आला होता. 2020 च्या जानेवारीत तो 42 हजारांच्या घरात होता आणि 23 मार्चला 26 हजारांच्या खाली. दोन्ही वेळा तो पुन्हा वर चढला, हे आपल्याला जाहिरातींतून सांगितले जाते. पण निर्देशांक चढला म्हणजे प्रत्येक कंपनी चढली असे नव्हे. 1986 मध्ये हा निर्देशांक सुरू झाला तेव्हा त्यातील तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि हिंदुस्थान मोटर्स होत्या. पद्मिनी आणि अँबॅसडर या मोटारी रस्त्यावरून गेल्या, कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगार घरी गेले. निर्देशांक मात्र मागे पडलेल्यांना वगळून आणि नव्यांना घेऊन पुढे चालत राहिला. शर्यतीत दमलेला घोडा बदलून ताजा घोडा उभा करण्याची सोय निर्देशांकाला आहे, एकाच कंपनीचे शेअर उराशी धरून बसलेल्या माणसाला नाही.

आता तज्ज्ञ मंडळी सांगतात, ‘धीर धरा, थांबा.’ हा सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. आणि येथेच समाजवादी दृष्टी कामास येते. थांबण्यासाठी ऐपत लागते. बाजार कोसळतो तो सहसा अर्थव्यवस्था अडचणीत येते तेव्हाच. म्हणजे ज्या महिन्यात शेअरचा भाव निम्मा होतो, त्याच महिन्यात नोकरी जाण्याची, पगार कापला जाण्याची आणि दवाखान्याचे बिल येण्याची शक्यता अधिक असते. 2020 च्या टाळेबंदीत हेच घडले. ज्याच्या घरी दोन वर्षांचा खर्च शिल्लक होता तो थांबला आणि पुढे श्रीमंत झाला; ज्याच्या घरी दोन महिन्यांचाही नव्हता, त्याने स्वस्तात विकले. स्वस्तात विकणारा आणि स्वस्तात घेणारा यांच्यात अकलेचा फरक नव्हता, ऐपतीचा होता. संपत्ती खालून वर सरकते ती अशी, कोणताही कायदा न मोडता.

बाजाराला माणूस दिसत नाही, केवळ भाव दिसतो, असेही म्हटले जाते. परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेअर-व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. तेव्हा बाजार समाजाच्या बाहेर नसतो. समाजातील उतरंड त्याच्या आतही असते.

म्हणून विचारणाऱ्याला उत्तर द्यावे ते असे: येत्या पाच-सात वर्षांत जो पैसा लागणार नाही, तेवढाच या बाजारात जावा. औषधपाण्याचा, मुलांच्या फीचा आणि म्हातारपणाच्या रोजच्या खर्चाचा पैसा जाऊ नये. कर्ज काढून तर एक रुपयाही जाऊ नये. ज्येष्ठ नागरिकांच्या टपाल खात्यातील बचत योजनेची मर्यादा 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाखांवर नेण्यात आली. निवृत्तीच्या रकमेचा पहिला विचार तेथे व्हावा.

चौथा प्रश्न एका बापाचा आहे: ‘मुलगा दिवसभर मोबाईलवर ऑप्शनचे सौदे करतो, नोकरी शोधीत नाही, काय सांगू?’ हे सौदे म्हणजे 1865 च्या वायद्यांचेच आजचे वंशज. सेबी या नियामक मंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी त्या मुलापुढे ठेवा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून अधिक, तोट्यात गेलेल्याला खर्चासह सरासरी दोन लाखांच्या आसपास. 2023-24 मध्ये अशा व्यक्तींपैकी पाऊण हिश्शाहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखविले होते. आणि जिंकले कोण? त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाल पेढ्यांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे 28 हजार कोटी ढोबळ नफा कमावला. त्यातील बहुतांश संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून. म्हणजे चाळीच्या खोलीत बसलेला मुलगा नशिबाशी खेळत नसून, क्षणाच्या सहस्रांश भागात निर्णय घेणाऱ्या यंत्राशी खेळत आहे. नोव्हेंबर 2024 पासून सौद्याचा किमान आकार वाढविणे, आठवड्याला संपणारे सौदे कमी करणे असे उपाय झाले. तरी 2024-25 मध्येही व्यक्तींचा तोटा एक लाख कोटींहून अधिक होता. मुलाला शिव्या देऊन काही साधणार नाही. त्याला नोकरी नाही म्हणून तो तेथे आहे. बेकारीचा आकडा आणि ऑप्शनचा आकडा शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पाचवा प्रश्न: ‘फसवणूक झाली तर कोणाकडे जावे?’ व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवरील गटात कोणी ओळखीच्या नावाने घेतो, खोट्या अॅपवर नफा फुगलेला दिसतो, आणि पैसे काढू गेल्यास ‘आधी कर भरा’ असे सांगितले जाते. ही पद्धत आता सर्वत्र आढळते. दरमहा ठरावीक परताव्याची हमी जो शेअरबाजाराच्या नावाने देतो तो लबाड आहे, हे एकच सूत्र पाठ करावे. सल्लागाराची नोंद सेबीच्या यादीत पाहावी. पैसे गेल्यास 1930 या सायबर मदत क्रमांकावर त्याच तासात कळवावे, कारण बँकेत रक्कम थोपविण्याची संधी तेवढीच असते. नोंदणीकृत दलालाविरुद्ध ‘स्कोअर्स’ या सेबीच्या तक्रारव्यवस्थेकडे जाता येते. ठेवी घेऊन पळालेल्यांसाठी राज्यात 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते, पण ठेवीदार संघटित असले तरच तो कायदा हलतो. येथे कार्यकर्त्याला काम आहे.

काही साथींनी खाजगीत विचारले, की समाजवाद्याने शेअर घ्यावा काय? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा काही भाग ऑगस्ट 2015 पासून शेअरबाजारात जात आहे. प्रथम नव्या जमा रकमेच्या पाच टक्के, पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत. ज्या कामगाराने दलाल स्ट्रीट पाहिलेला नाही, त्याचाही घाम तेथे पोहोचला आहे. तेव्हा वैयक्तिक सोवळे पाळून आपली सुटका नाही. मागण्या कराव्या लागतील, आणि त्या चार आहेत.

पहिली, निश्चित निवृत्तिवेतन. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये दरमहा 1000 रुपये ठरली, आणि पुढील दहा वर्षांत तीत एका रुपयाचीही वाढ झाली नाही. ती वाढून महागाईशी जोडली गेली पाहिजे. दुसरी, अल्पबचतीला महागाईपासून संरक्षण. डिसेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईच्या दरावर दीड टक्का अधिक देणारे बचत रोखे काढले होते. परंतु व्याज दहा वर्षांनी, मुदतीअखेर मिळणार असल्याने पेन्शनरास त्यांचा उपयोग नव्हता. काही महिन्यांतच ती विक्री बंद झाली. तेच रोखे दरमहा व्याजासह टपाल कचेरीत मिळावेत. तिसरी, ऑप्शनच्या सौद्यांवर उत्पन्न आणि बचत पाहून मर्यादा. चौथी, निधीतील पैसा ज्या कंपन्यांत जातो तेथे मतदान कसे झाले याचा हिशेब कामगार संघटनांपुढे मांडला जावा. कामगाराच्याच पैशाने त्याच्या कपातीला संमती दिली जाऊ नये.

या मागण्या मान्य होईपर्यंत प्रत्येक शाखेत महिन्यातून एक दिवस, कागद वाचता येणारा एक कार्यकर्ता बसावा. पासबुक, करारपत्र, फंडाचे विवरण लोकांनी आणावे आणि त्याने समजावून सांगावे. कोणता शेअर घ्यावा हे त्याने मुळीच सांगू नये. काय धोका आहे, खर्च किती कापला जातो आणि तक्रार कोठे करावी एवढेच सांगावे. पतपेढी चळवळ आणि कामगार संघटना आपल्याकडे उभ्या राहिल्या त्या अशाच, एकेकाचा कागद वाचून. ज्याच्या म्हातारपणाची हमी समाजाने घेतली आहे, तो बाजारात गेला तरी धास्तीने जाणार नाही. आणि धास्ती नसलेल्या माणसाला लुबाडणे दलालालाही सोपे जात नाही.